जखम भरली, मग वेदना का थांबत नाही?

रमजानच्या रात्री तरावीहची नमाज आटोपून माणसं घरी परततात. जोगेश्वरीच्या एखाद्या इमारतीत एक वयस्क गृहस्थ चपला काढतात आणि आधी थंड लादीवर दोन्ही पाय टेकवून बसतात. तळव्यांना आग लागल्यासारखी वाटत असते. त्याच वेळी मुलुंडच्या एखाद्या घरात एक आजी पलंगावर पंख्याकडे पाय करून पडलेल्या असतात. पायांवर चादर घेतली तर ती टोचते, म्हणून थंडीतही त्या पाय उघडे ठेवतात. दोघांनाही बरीच वर्षं मधुमेह आहे. दोघांच्याही पायाला जखम नाही, सूज नाही. एक्स-रे काढला तर तो साफ येतो. मग घरातलं कोणीतरी सहज बोलून जातं, ‘काही झालेलं नाही हो, तुम्ही मनाला फार लावून घेता.’

हे वाक्य अनेक घरांत ऐकू येतं आणि ते खोटं आहे. ‘काहीतरी’ झालेलं असतं, फक्त ते एक्स-रेमध्ये दिसत नाही. बिघाड कातडीत किंवा हाडात नसून वेदनेची खबर मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसांमध्ये असतो. वैद्यकशास्त्र याला मज्जातंतुजन्य वेदना म्हणतं, लोक सरळ ‘नसांचं दुखणं’ म्हणतात. मधुमेह हे त्याचं एक मोठं कारण. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत. त्याशिवाय नागीण होऊन गेल्यावर उरणारी जळजळ, अपघातात तुटलेली नस, केमोथेरपीनंतर हातापायांना येणाऱ्या मुंग्या, चेहऱ्यावर विजेसारखी सळसळत जाणारी कळ हे सारे याच घराण्यातले आजार आहेत.

या दुखण्याचं मूळ शोधण्यात ज्यांनी आपलं संशोधनाचं आयुष्य घातलं, त्यांच्यातलं एक महत्त्वाचं नाव मुंबईत जन्मलेलं आहे. रोहिणी कुनर यांचा जन्म १९७० सालचा. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. केली आणि पुढे जर्मनीतलं हायडेलबर्ग ही त्यांची कर्मभूमी झाली. आज त्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या औषधशास्त्र संस्थेच्या संचालक आहेत. बोचणी जाणवण्यापासून जुनाट वेदनेपर्यंतचा प्रवास शोधणारा एक मोठा संयुक्त प्रकल्प तिथे २०१५ साली सुरू झाला. त्याचं नेतृत्वही त्यांच्याकडे आलं.

वेदनेची भाषा

त्यांचं काम समजून घेण्याआधी एक साधी गोष्ट पाहावी लागते. सगळं दुखणं सारखं नसतं आणि आपल्या भाषांना ते केव्हाच कळलेलं आहे. मराठीत दात ठणकतो, गळू ठसठसतं, पोटात कळ येते, कमरेत उसण भरते, पायाला मुंग्या येतात, डोळा चुरचुरतो. उर्दूत टीस वेगळी, चुभन वेगळी, जलन वेगळी आणि कसक वेगळी. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्न सिना या हकिमाने आपल्या ‘अल-कानून’ या वैद्यकग्रंथात वेदनेचे १५ प्रकार नोंदवले. त्यात टोचणारी, जड वाटणारी, ताणणारी, बधिर करणारी असे भेद आहेत. १९७५ साली रोनाल्ड मेल्झॅक या मानसशास्त्रज्ञाने कॅनडात वेदनेची प्रश्नावली तयार केली. तिचाही पाया हाच होता, की रुग्ण कोणता शब्द वापरतो ते नीट ऐका.

कारण शब्दातून कारण कळतं. मुका मार लागल्यावर ठणका लागतो, तो दोन दिवसांत ओसरतो. ते उपयोगी दुखणं, ‘या पायावर भार टाकू नका’ असं सांगणारं. पण ‘आग होते’, ‘करंट लागल्यासारखं होतं’, ‘बधिर आहे तरी दुखतं’, ‘कपडा लागला तरी सहन होत नाही’ अशी तक्रार असेल, तर जाणकार डॉक्टरांच्या मनात लगेच नसांचा विचार येतो. इथे धोक्याची घंटा वाजत असते, पण धोका कुठेच नसतो.

नसांची दारं

नस म्हणजे विजेची तार, असं आपण सोयीने म्हणतो. पण तारेतून वीज वाहते तशी ती नसेतून वाहत नाही. नसेच्या आवरणात असंख्य सूक्ष्म दारं असतात. ती प्रथिनांची बनलेली असतात. एकातून सोडियम आत येतं, म्हणजे मिठातलाच एक घटक. दुसऱ्यातून पोटॅशियम बाहेर जातं, तिसऱ्यातून कॅल्शियम आत शिरतं. एक दार उघडलं की शेजारचं उघडतं, मग त्याच्या शेजारचं. अशी दारं उघडत-मिटत संदेश पायाच्या अंगठ्यापासून पाठीच्या कण्यापर्यंत पोचतो. या दारांना शास्त्रज्ञ आयन चॅनेल म्हणतात.

ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी समुद्रातल्या माकूळाच्या जाड नसेवर प्रयोग करून या उघडझापीचं गणित १९५२ साली मांडलं. त्यासाठी त्यांना १९६३ चं नोबेल मिळालं. पुढे एर्विन नेहेर आणि बर्ट साकमान यांनी काचेच्या अतिसूक्ष्म नळीने एकेका दारातून जाणारा प्रवाह मोजून दाखवला. त्यांना १९९१ साली नोबेल मिळालं. यातले साकमान त्या वेळी हायडेलबर्गमध्येच, मॅक्स प्लांक संस्थेत काम करत होते. नसांच्या दारांचा अभ्यास करणाऱ्यासाठी हे गाव का महत्त्वाचं, ते यावरून लक्षात येतं.

या दारांची ओळख आपल्याला रोजच्या आयुष्यातही असते, फक्त नाव ठाऊक नसतं. मिरची जिभेला ‘तिखट’ लागते, म्हणजे खरं तर ती चव नसते, तो चटका असतो. मिरचीतला घटक उष्णता ओळखणारं दार उघडतो आणि मेंदूला वाटतं, भाजलं. हे दार डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ साली शोधलं. दाब ओळखणारी दारं आर्डेम पाटापुटियन यांनी २०१० साली शोधली. दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं. दाताच्या डॉक्टरांकडे इंजेक्शन घेतल्यावर गाल बधिर होतो, तेव्हा तिथली सोडियमची दारं तात्पुरती बंद झालेली असतात.

कोकणातल्या माणसाला तर ही दारं फार जुन्या काळापासून छळत आली आहेत. लाल विंचवाचं विष सोडियमची दारं मिटूच देत नाही. मग नसा सैरभैर होतात, घाम फुटतो, रक्तदाब आणि हृदय झेपेनासं होतं. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या दंशाच्या रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. १९८२ साली त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध वेळेवर दिलं तर रुग्ण वाचतो, हे त्यांनी दाखवून दिलं. शंभरात चाळीसच्या घरात असलेले मृत्यू त्यामुळे एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच विंचवाच्या विषातून वेगळं काढलेलं आयबेरिओटॉक्सिन पोटॅशियमचं एक विशिष्ट दार बंद करतं, म्हणून ते जगभरच्या प्रयोगशाळांत वापरलं जातं.

दुखणंच नसेल तर?

मग वेदनेचं दार कायमचं बंद करून टाकलं तर? या प्रश्नाचं उत्तर निसर्गाने एका ठिकाणी देऊन ठेवलं होतं. उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत अशी मुलं आढळली, ज्यांना जन्मापासून वेदना ठाऊकच नव्हती. त्यांच्यातला एक मुलगा रस्त्यावर खेळ करायचा. हातात सुऱ्या खुपसून दाखवायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. संशोधक त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच तो छतावरून उडी मारून मरण पावला.  या कुटुंबांतल्या सहा मुलांच्या तपासणीतून २००६ साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापला गेला. त्यांच्यात सोडियमचं एकच दार बिघडलेलं होतं. त्याचं नाव नॅव्ह १.७.

या शोधाने औषध कंपन्यांना मोठी आशा लागली. मात्र ते दार बंद करणारी औषधं माणसांवरच्या चाचण्यांत अपेक्षेला उतरली नाहीत. त्याच्या भावंडावर, म्हणजे नॅव्ह १.८ या दारावर काम करणारं सुझेट्रिजिन हे औषध अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालं. तेही ताज्या वेदनेसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यासारख्या त्रासासाठी. वर्षानुवर्षं चालणाऱ्या नसांच्या दुखण्यासाठी ती मंजुरी नव्हती.

असं का व्हावं? एका शब्दात उत्तर द्यायचं तर, वेदना एका जागी राहत नाही. पायात सुरू झालेली गोष्ट पाठीच्या कण्यात मुरते, मेंदूत घर करते. रोहिणी कुनर यांचं संशोधन या मुरण्याचाच माग काढत गेलं आहे.

कणा दुखणं शिकतो

१९९९ साली ‘सायन्स’मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. मज्जासंस्थेला शांत ठेवणारा ‘गाबा’ नावाचा रेणू आहे. त्याची खूण ओळखणारं एक ग्राहक प्रथिन दोन वेगवेगळ्या भागांची जोडी जमल्याशिवाय कामच करत नाही, असं त्यात दाखवलं होतं. त्याच सुमारास इतर काही गटही याच निष्कर्षावर पोचले. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं बॅक्लोफेन हे औषध नेमकं याच ग्राहकावर काम करतं.

त्यानंतर त्या वेदनेकडे वळल्या. पायाकडून आलेली नस पाठीच्या कण्यात पुढच्या पेशीला खबर देते, ती ग्लुटामेट या रेणूमार्फत. चायनीजच्या गाडीवर जो अजिनोमोटो घालतात, तो याच ग्लुटामेटचा क्षार. हा रेणू आला की पुढच्या पेशीवरची दारं उघडतात. कुनर, पीटर सीबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ‘न्यूरॉन’ या नियतकालिकात उंदरांवरचे प्रयोग मांडले. या दारांचा एक विशिष्ट घटक काढून टाकला तर सूज आलेल्या पायाचं दुखणं कमी भडकतं. दुसरा घटक काढला तर कॅल्शियम जास्त आत शिरतं आणि दुखणं अधिक भडकतं. म्हणजे कणा हा नुसता निरोप्या नाही. एकच खबर पुन्हापुन्हा आली की तो ती मोठ्या आवाजात सांगायला शिकतो. आपण पाढे पाठ करतो तेव्हा मेंदूत जे होतं, त्याच जातीचं हे शिकणं आहे. फरक इतकाच, की हे शिकलेलं विसरावं असं माणसाला वाटतं.

२००९ साली त्यांच्या गटाने हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनेबद्दल ‘नेचर मेडिसिन’मध्ये लिहिलं. रक्तपेशी वाढवणारे काही रेणू गाठीतून स्रवतात आणि आसपासच्या नसांना थेट चेतवतात, असं त्यात दिसलं. कर्करोगाच्या रुग्णाच्या घरी रात्र काढलेल्या कुणालाही या संशोधनाचं मोल वेगळं सांगावं लागणार नाही.

चुकीची जोडणी

चादर टोचणाऱ्या त्या आजींच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारं काम २०२२ साली ‘नेचर’मध्ये आलं. विजयन गंगाधरन, रोहिणी कुनर आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पायाकडे जाणाऱ्या काही नसांना इजा केली आणि काही तशाच ठेवल्या. स्पर्श ओळखणाऱ्या आणि चटका-बोच ओळखणाऱ्या नसांना त्यांनी चमकणाऱ्या खुणा केल्या होत्या. मग त्याच उंदराच्या त्याच कातडीतल्या नसा त्यांनी कित्येक महिने सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या.

दिसलं ते असं. तुटलेल्या स्पर्शाच्या नसा परत आपल्या जागी आल्याच नाहीत. रिकाम्या जागेत शेजारच्या शाबूत चटक्याच्या नसांनी फांद्या सोडल्या. एवढंच नाही, तर कातडीत हलका स्पर्श टिपणारी जी सूक्ष्म बोंडं असतात, त्या माइसनर कणिकांत त्या जाऊन बसल्या. जागा स्पर्शाची, तार मात्र वेदनेची. त्यानंतर कुणी हळूच हात लावला तरी वर खबर जायची ती दुखण्याचीच.

सोसायटीच्या मीटर रूममध्ये दुरुस्ती करताना एखाद्या घराच्या बेलची तार आगीच्या भोंग्याला जोडली गेली, तर काय होईल? दूधवाला बेल दाबेल आणि सगळी इमारत जिन्याकडे पळेल. रहिवासी घाबरट आहेत, असं कुणी म्हणणार नाही. भोंगा खरंच वाजलेला असतो. नसांचं दुखणं सोसणाऱ्या माणसाचंही तसंच आहे. तो नाटक करत नाही.

त्याच वर्षी ‘सायन्स’मध्ये त्यांच्या गटाचा आणखी एक निबंध आला. हात-पाय हलवण्याचा हुकूम देणाऱ्या मेंदूच्या भागाला विजेने हलकेच चेतवलं तर काही रुग्णांची वेदना कमी होते, हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं. कारण मात्र उलगडत नव्हतं. त्या भागातल्या दोन थरांतून दोन वेगळ्या वाटा निघतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. एक वाट खाली उतरून दुखऱ्या स्पर्शाची तीव्रता घटवते. दुसरी वाट मेंदूच्या भावनांशी निगडित भागाकडे जाते आणि वेदनेमुळे येणारी तगमग शमवते. दुखणं आणि दुखण्याचं दुःख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आजारी माणसाला अनुभवाने ठाऊक असतं. इथे त्यांच्या दोन वाटाच डोळ्यांसमोर आल्या.

आज हाती काय आहे?

हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. त्यांत इजा केलेली नस होती. मधुमेहात नसा वर्षानुवर्षं झिजत जातात आणि तिथली कहाणी हुबेहूब तीच असेल असं नाही. या शोधांतून उद्याच गोळी निघणार नाही. पण संशोधनाने एक गोष्ट आजच हाती दिली आहे. ती म्हणजे विश्वास. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. आपल्याला दुखतंय असं माणूस सांगतो तेव्हा त्याचा मान राखावा, असं तिच्यासोबतच्या टिपणात स्पष्ट म्हटलं आहे.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या या दुखण्यावर फारशा चालत नाहीत. तरीही अनेक जण केमिस्टकडून त्याच आणून वर्षानुवर्षं खातात आणि मूत्रपिंडाला त्रास करून घेतात. डॉक्टर यासाठी वेगळी औषधं देतात. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन ही औषधं कॅल्शियमच्या दारांच्या एका भागाला चिकटतात. ॲमिट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन ही मूळची नैराश्यावरची औषधं असली, तरी इथे ती वेदनेसाठी दिलेली असतात. चिठ्ठीवर हे नाव वाचून ‘मला वेडा ठरवलं’ असं मानून गोळ्या बंद करू नयेत. या औषधांनी सगळ्यांनाच आराम पडत नाही आणि पडला तरी तो बहुधा पूर्ण नसतो. त्यांनी झोप किंवा चक्कर येऊ शकते, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

दुखण्यापेक्षा मोठा धोका बधिरपणाचा आहे. पायाला खडा लागला, चपलेचा खिळा रुतला, तापलेल्या फरशीने भाजलं तरी कळत नाही. त्या पाकिस्तानी मुलाला जे जन्मतः नव्हतं, ते मधुमेही माणूस हळूहळू गमावत असतो. म्हणून रोज रात्री दोन्ही तळवे आरशात किंवा घरातल्या कुणाकडून पाहून घ्यावेत. मशीद असो की मंदिर, चपला बाहेर काढून अनवाणी चालल्यावर तर नक्कीच पाहावेत. रोजा, उपवास किंवा निर्जळी एकादशी धरण्याआधी मधुमेहाच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारावं आणि साखर खाली गेली तर तो सोडावा. आजाऱ्याला दोन्हीकडे सवलत आहे.

आणि दवाखान्यात गेल्यावर नुसतं ‘पाय दुखतो’ म्हणून थांबू नये. आग होते की टोचतं, मुंग्या येतात की करंट लागतो, दिवसा जास्त की रात्री, चादर सहन होते की नाही, हे आपल्या भाषेत सांगावं. मराठीत सांगावं, उर्दूत सांगावं, गुजरातीत सांगावं. पुढचा तपास त्या एका शब्दावरून सुरू होतो.

घरच्यांचं काम त्याहून सोपं आहे. आजींनी पायावरची चादर बाजूला सारली, तर ती पुन्हा घालू नये. पंखा थोडा त्यांच्याकडे वळवावा.